रक्त घेऊन निघालेला डॉक्टर

बाहेर थेंबभरही रक्त न सांडता माणूस रक्तस्रावाने मरू शकतो. श्रोणीचे, म्हणजे कमरेखालच्या हाडांचे कडे फुटले की असे घडते, हे मी शल्यचिकित्सक म्हणून पाहिले आहे. हातापायाला आवळपट्टी बांधता येते, तशी तिथे येत नाही. कमरेला नव्हे, तर खुब्यांच्या पातळीवर चादर घट्ट आवळून ते कडे मिटवायचे आणि तातडीने रक्त द्यायचे. पण रक्त जवळ असेल तर! या ‘तर’शी झुंजलेले डॉ. नॉर्मन बेथून मला म्हणूनच मोठे वाटतात.

१८९० साली कॅनडात एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमींचे स्ट्रेचर वाहिले. १९२६ मध्ये क्षयाने गाठले. त्यातून बरे होऊन ते माँट्रियलमध्ये छातीचे नामांकित शल्यचिकित्सक झाले. श्रीमंताचा क्षय बरा होतो, गरिबाचा मात्र उलटतो, हे पाहून ते अस्वस्थ झाले.

१९३६ च्या नोव्हेंबरात ते यादवी युद्धाने होरपळणाऱ्या माद्रिदला पोहोचले. रक्तदाते शहरात, जखमी आघाडीवर आणि मधल्या वाटेवर मृत्यू. बेथून यांनी गणित उलटे केले. सायट्रेट मिसळलेले रक्त बाटल्यांत भरून, गाडीतून त्यांनी ते जखमींपाशी नेले. बार्सिलोनात डॉ. दुरान यांनी असे काम आधीच आरंभले होते, हेही सांगायला हवे. बेथून स्वभावाने तापट. सहकाऱ्यांशी खटके उडाले आणि १९३७ मध्ये ते परतले.

१९३८ मध्ये ते चीनच्या डोंगराळ रणभूमीवर गेले. तिथे वीज नाही, मग शीतपेटी कुठली? त्यांनी गावकऱ्यांनाच रक्तदाते केले, स्वतःचेही रक्त दिले. १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखम चिघळली आणि रक्तात विष भिनून १२ नोव्हेंबरला, वयाच्या ४९ व्या वर्षी, ते गेले.

त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी घेतली. पुढल्याच वर्षी, बत्तिसाव्या वर्षी, तेही गेले. आपल्याकडे कोटणीसांची कहाणी सांगितली जाते. पण आडगावच्या अपघातात रुग्ण रक्तामागे धावतो की रक्त रुग्णाकडे, हा बेथून यांचा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.