पळवणकर बाळू
पळवणकर बाळू (१९ मार्च १८७६, धारवाड - ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेट खेळाडू आणि राजकीय कार्यकर्ते होते. मंदगती डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून त्यांनी मुंबईच्या तिरंगी व चौरंगी स्पर्धांत हिंदू संघाचे प्रतिनिधित्व केले आणि १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघातील ते सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंना त्या काळच्या अस्पृश्यतेचा अनुभव मैदानावरही घ्यावा लागला. धर्माच्या नावाने बनवलेल्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण त्याच संघाने त्यांना दीर्घकाळ कर्णधारपद नाकारले. त्यामुळे त्यांचे चरित्र हे भारतीय क्रीडाक्षेत्रातील जातिभेद आणि धार्मिक गटबाजी या दोन्हींच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग मानले जाते.

== सुरुवातीचे जीवन ==
बाळूंचे घराणे मूळचे कोकणातील पळवण येथील असल्याने त्यांचे आडनाव पळवणकर पडले. वडील लष्कराशी संबंधित नोकरीत होते. बाळूंचे बालपण पुण्यात गेले. इंग्रज अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्याने ते व त्यांचे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे धाकटे बंधूही नामांकित खेळाडू झाले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबमध्ये होती. खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रूळ फिरवणे या कामासाठी त्यांना दरमहा तीन रुपये मिळत. १८९२च्या सुमारास ते युरोपीय लोकांच्या पूना क्लबमध्ये कामाला लागले. तेथे जाळी लावणे, खेळपट्टी तयार करणे आणि सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करणे ही त्यांची कामे होती. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळातील नावाजलेले युरोपीय फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर नियमित सराव करीत. आपल्याला बाद केल्यास ग्रेग दर वेळी आठ आणे बक्षीस देत, असे सांगितले जाते. हजारो चेंडू टाकून बाळूंची गोलंदाजी तयार झाली, परंतु पूना क्लबमध्ये त्यांना फलंदाजीची संधी मात्र कधीच मिळाली नाही.

== पुण्यातील हिंदू संघ ==
पुण्यातील हिंदू खेळाडूंचा संघ युरोपीय संघाला आव्हान देण्याच्या तयारीत असताना बाळूंच्या समावेशाचा प्रश्न पुढे आला. काही ब्राह्मण सभासदांचा त्यांना विरोध होता, तर काहींना त्यांच्याशिवाय विजय अशक्य वाटत होता. अखेर त्यांची निवड झाली. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला हात लावीत, पण चहापानाच्या वेळी भेद पाळला जाई. इतर खेळाडू तंबूत बसत व बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणही त्यांनी वेगळे बसून घ्यावे असा दंडक होता.

साताऱ्याच्या युरोपीय संघाविरुद्धच्या सामन्यात बाळूंनी सात बळी घेऊन पुणेकरांना विजय मिळवून दिला. यानंतर त्यांचा जाहीर सत्कार झाला. हिंदू खेळाडू बाळूंबरोबर खेळू शकतात, तर त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत का असावी, असा मुद्दा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी एका सभेत मांडला. लोकमान्य टिळकांनीही बाळूंना हार घालून त्यांचा गौरव केल्याची नोंद आढळते.

== मुंबई आणि १९०६चा विजय ==
पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर बाळू मुंबईला आले. बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांचा प्रवेश झाला. येथेही आरंभी काही सभासदांनी विरोध केला होता.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या मुंबईच्या साप्ताहिकाने या विजयाकडे सामाजिक सुधारणेच्या दृष्टीने पाहिले. मुंबईच्या खेळाडूंनी बाळूंसह एकत्र भोजन केले, ही गोष्ट त्या पत्राने पुण्यातील प्रथेशी तुलना करून अधोरेखित केली.

== १९११चा इंग्लंड दौरा ==
१९११ साली पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. या संघात पारशी, हिंदू, मुस्लिम व शीख खेळाडू एकत्र होते. बाळू आणि शिवराम या दोघांचीही निवड झाली होती. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली, मात्र ३५ वर्षांच्या बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ बळी मिळवले, तर लीस्टरशायरविरुद्धच्या विजयी सामन्यात एकूण ११ गडी बाद केले.

दौऱ्याहून परतल्यावर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या वतीने मुंबईत त्यांचा सत्कार करण्यात आला. या प्रसंगीच्या मानपत्राचा मसुदा त्या वेळी विद्यार्थी असलेले भीमराव आंबेडकर यांनी तयार केला होता, असे सांगितले जाते. बाळू हे त्या काळी या समाजांतील तरुणांचे आदर्श होते.

== कर्णधारपदाचा वाद ==
मुंबईतील स्पर्धा १९०७ मध्ये युरोपीय, पारशी व हिंदू अशी तिरंगी झाली आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या प्रवेशाने चौरंगी बनली. हिंदू संघातील सर्वांत अनुभवी गोलंदाज असूनही बाळूंना कर्णधारपद मिळाले नाही. त्यांच्या चाहत्यांनी व वृत्तपत्रांतील पत्रलेखकांनी ही मागणी वारंवार केली, परंतु निवड समितीने दरवेळी उच्चवर्णीय खेळाडूलाच पसंती दिली.

१९२० साली हा वाद विकोपाला गेला. मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्यासाठी बाळूंना वगळण्यात आले. नियुक्त कर्णधार एम. डी. पै उपलब्ध नसताना नेतृत्व विठ्ठल यांच्याकडे न सोपवता दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यात आले. जातीमुळे हा अन्याय झाल्याचे जाहीर करून विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली. त्यांच्या भूमिकेला जनतेतून पाठिंबा मिळाला. हा असहकार चळवळीचा काळ होता आणि अस्पृश्यतानिवारण हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनत होता. अखेर जिमखान्याने तडजोड केली. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिघे बंधू परतले व बाळू उपकर्णधार झाले. सामन्यादरम्यान पै यांनी काही काळ मैदान सोडल्यामुळे संघाचे नेतृत्व बाळूंनी केले.

हा बाळूंच्या कारकिर्दीचा शेवटचा टप्पा होता. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल यांची कर्णधारपदी नियुक्ती झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपीय संघाला हरवून स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेला मान अशा रीतीने धाकट्याला मिळाला.

== राजकीय जीवन ==
निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांनी एम. सी. राजा यांच्याप्रमाणे संयुक्त मतदारसंघांचा पुरस्कार केला. त्याच वर्षीच्या पुणे करारावर आंबेडकरांप्रमाणे बाळूंचीही स्वाक्षरी आहे. १९३३ मध्ये त्यांनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली, पण ते पराभूत झाले. १९३५ मध्ये आंबेडकरांनी येवले येथे धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला विरोध केला. १९३७च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते मिळाली.

== सांप्रदायिक स्पर्धा आणि प्रेक्षक ==
बाळू ज्या स्पर्धेमुळे प्रसिद्ध झाले, तिची संपूर्ण रचना धर्म व वंश यांवर आधारलेली होती. खेळाडूची निवड त्याच्या समाजावरून होई आणि साहजिकच प्रेक्षकांची निष्ठाही त्याच रेषेने विभागली जाई. आरंभी भारतीय प्रेक्षकांना युरोपीय संघाच्या पराभवात राष्ट्रीय समाधान मिळे. पुढे हिंदू-मुस्लिम राजकीय तणाव वाढला, तसे या दोन संघांतील सामन्यांना वेगळा रंग चढू लागला.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० ते १९३३ या काळात स्पर्धा झाली नाही. १९३७ मध्ये भारतीय ख्रिस्ती व इतरांचा 'द रेस्ट' हा संघ आल्याने ती पंचरंगी बनली. त्याच वर्षी ब्रेबोर्न स्टेडियमवरील आसनांच्या वाटपावरून वाद होऊन हिंदू संघाने भाग घेतला नाही. समाजनिहाय संघांतून समाजनिहाय आसनांची मागणी कशी उभी राहते, याचे हे उदाहरण ठरले.

'बाँबे क्रॉनिकल' या दैनिकाने संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी व क्रीडा संपादक जे. सी. मैत्र यांच्या पुढाकाराने अशा स्पर्धेविरुद्ध मोहीम चालवली. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याच्या शिष्टमंडळाने वर्धा येथे महात्मा गांधींची भेट घेतली. महाविद्यालये किंवा संस्थांचे संघ असणे आपण समजू शकतो, मात्र धर्मावर आधारलेले संघ आपल्याला समजत नाहीत, अशा आशयाची भूमिका गांधींनी घेतली. स्पर्धेच्या समर्थकांच्या मते मैदानावरील स्पर्धेने समाजांत मैत्रीच वाढत होती. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघावर एका गड्याने मिळवलेला विजय याच्या पुष्ट्यर्थ सांगितला जाई, कारण अटीतटीचा शेवट होऊनही सामना शांततेत पार पडला होता. तथापि विरोध वाढत गेला आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर पंचरंगी स्पर्धा कायमची बंद झाली. १९३४-३५ मध्ये सुरू झालेली, प्रांतांवर आधारित रणजी करंडक स्पर्धा ही त्यानंतर देशातील प्रमुख स्पर्धा ठरली.

== कारकीर्द आणि वारसा ==
बाळूंनी ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नंतरच्या पिढ्यांना त्यांचे नाव फारसे परिचित राहिले नव्हते. रामचंद्र गुहा यांच्या २००२ साली प्रकाशित झालेल्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या ग्रंथाने त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. विठ्ठल पळवणकर यांचे मराठी आत्मचरित्र हे या कुटुंबाच्या अनुभवांचे महत्त्वाचे साधन आहे. भारतीय संघ अधिकृत कसोटी क्रिकेट खेळू लागण्यापूर्वीच बाळूंची कारकीर्द संपली असली, तरी अनेक अभ्यासक त्यांना भारताचे पहिले थोर क्रिकेटपटू मानतात.