वय जास्त, वजन कमी म्हणून नेव्हीने परत पाठवलेल्या बाईंनी कॉम्प्युटरची भाषाच बदलून टाकली

कुठलंही सॉफ्टवेअर डाऊनलोड करायला गेलात की तीन बटणं समोर येतात. विंडोज, मॅक आणि लिनक्स. तुम्ही आपल्या कामाचं बटण दाबता, सॉफ्टवेअर सुरू होतं आणि विषय संपतो.

पण गंमत अशी की या तिन्ही बटणांमागचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा एकच असतो. माणसाने तो एकदाच लिहिलेला असतो. कंपायलर नावाचा दुभाषा प्रत्येक मशिनसाठी त्याचं वेगळं भाषांतर करून देतो. हवामानाचा अंदाज असो, विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा असो की औषधाच्या रेणूची हालचाल, ही सगळी सिम्युलेशन्स याच वाटेने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जातात.

एकेकाळी हे अशक्य समजलं जायचं. ते होऊ शकतं हे लोकांना पटवण्यात ज्यांचं निम्मं आयुष्य गेलं, त्या बाई म्हणजे ग्रेस हॉपर.

९ डिसेंबर १९०६ ला न्यूयॉर्कमध्ये ग्रेस यांचा जन्म झाला. सात वर्षांची असताना या पोरीने घरातलं गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला उघडलं. परत जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. असं करत सात घड्याळं खोलून झाली तेव्हा कुठे आईच्या लक्षात आलं.

पुढे व्हॅसार कॉलेजमधून गणित आणि फिजिक्स घेऊन पदवी झाली. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी मिळाली. व्हॅसारमध्येच प्राध्यापकाची पक्की नोकरी होती. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि दुसरं महायुद्ध पेटलं.

ग्रेस यांनी नेव्हीत जायचं ठरवलं, पण नेव्हीने नकार दिला. वय पस्तिशीला टेकलेलं, वजन जेमतेम ४८ किलो, म्हणजे नियमापेक्षा सुमारे ७ किलो कमी. वर गणिताच्या प्राध्यापकाने वर्गातच राहावं असंही सरकारचं म्हणणं होतं. बाई हटल्या नाहीत. वजनासाठी खास सूट मिळवली, कॉलेजातून रजा काढली आणि डिसेंबर १९४३ मध्ये त्या नेव्हीच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवण्यात आलं.

तिथे होता मार्क वन. सुमारे ५१ फूट लांब आणि जवळपास ५ टन वजनाचा हा अवाढव्य कॉम्प्युटर एका सेकंदाला फक्त तीन बेरजा करायचा. त्याला हुकूम द्यायचा तर कागदी पट्टीवर भोकं पाडावी लागायची.

त्याच उन्हाळ्यात जॉन फॉन नॉयमन हे गणितज्ञ एक किचकट समीकरण घेऊन आले. चारही बाजूंनी स्फोट करून मधला गोळा आत दाबला तर काय होईल, याचं ते गणित होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर सिम्युलेशन. गणित कशासाठी चाललंय हे हार्वर्डच्या टीमला सांगितलं नव्हतं. ते अणुबॉम्बच्या प्रकल्पाचं काम होतं. आत दाबण्याच्या याच तत्त्वावर बनवलेला बॉम्ब ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर पडला.

हार्वर्डमध्येच ग्रेस यांना एका रोजच्या त्रासाने ग्रासलं होतं.

साइन काढायची किंवा वर्गमूळ काढायचं, असे प्रोग्रॅमचे तुकडे पुन्हा पुन्हा लागायचे. टीममधले लोक ते आपापल्या वहीत लिहून ठेवायचे आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घ्यायचे. नव्या प्रोग्रॅममध्ये बसवताना त्यातले पत्ते, म्हणजे कुठला आकडा कुठे ठेवलाय याचे क्रमांक, बेरजा करून बदलावे लागायचे. उतरवताना चुका व्हायच्या, बेरजेत चुका व्हायच्या. एक आकडा चुकला की अख्खं गणित वाया.

१९४७ मध्ये मार्क टू या पुढच्या मशिनमध्ये अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तो ग्रेस यांनी पकडला नव्हता, आणि बग हा शब्दही त्याआधीपासून वापरात होता. त्यांनी फक्त हा किस्सा आयुष्यभर रंगवून सांगितला. खरे बग वह्यांमधून उतरवलेल्या आकड्यांमध्ये लपलेले होते.

युद्ध संपलं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला होता. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळण्याची चिन्हं नव्हती. या काळात त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलंय. अशा अवस्थेत १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. युनिव्हॅक हा कॉम्प्युटर तिथेच आकार घेत होता.

इथे आल्यावर पहिली अडचण अशी की जुनं सगळं विसरायचं. बायनॅक या मशिनसाठी ऑक्टल पद्धत लागायची, म्हणजे आठाच्या पटीतली आकडेमोड. ग्रेस त्यात इतक्या मुरल्या की बँकेच्या चेकबुकाचा हिशोब जुळेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने तपासलं तेव्हा कळलं, बाईंनी काही वजाबाक्या ऑक्टलमध्ये केल्या होत्या.

मशिन बदललं की माणसाने नव्याने शिकायचं. मग हे कष्ट मशिननेच का करू नयेत?

१९५१-५२ मध्ये त्यांनी ए-झिरो तयार केला. प्रोग्रॅमचे नेहमी लागणारे तुकडे मॅग्नेटिक टेपवर साठवले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. माणसाने फक्त क्रमांक लिहायचे. टेपवरून तुकडे शोधणं, जोडणं, पत्ते बदलणं हे सगळं कॉम्प्युटर करणार. याला त्यांनी कंपायलर म्हटलं. आजच्या हिशोबाने तो पूर्ण कंपायलर नव्हता, लिंकर-लोडरच्या जवळचा होता. पण आजही एखादं सिम्युलेशन सॉफ्टवेअर नव्या मशिनवर उभं करताना गणिताच्या लायब्रऱ्या शोधून जोडणं हाच कामाचा मोठा भाग असतो.

लोकांचा मात्र विश्वास बसेना. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम कसा लिहील, असं त्यांना ऐकवलं गेलं.

त्या आणखी पुढे गेल्या. हुकूम इंग्रजी शब्दांत देता आले पाहिजेत, असं त्यांनी मांडलं. वरिष्ठांना पटावं म्हणून तोच नमुना प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांत करून दाखवला. परिणाम उलटाच झाला. अमेरिकेत बनलेल्या मशिनला फ्रेंच-जर्मन कसं कळेल, या विचाराने साहेब लोक गडबडले. मशिनला इंग्रजी काय आणि फ्रेंच काय, सगळी चिन्हंच, हे समजावण्यात बराच काळ गेला. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली. दरम्यान १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या टीमने शास्त्रज्ञांसाठी फोरट्रॅन आणली होती.

पण प्रत्येक कंपनीची भाषा तिच्याच मशिनपुरती राहिली तर उपयोग काय?

१९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने कंपन्या एकत्र बसल्या आणि कोबॉल ही सामाईक भाषा ठरली. ती एकट्या ग्रेस यांनी बनवली नाही, समितीने बनवली. पण तिचा पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा होता.

६ आणि ७ डिसेंबर १९६० ला परीक्षा झाली. जवळपास जसाच्या तसा एक कोबॉल प्रोग्रॅम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक टू या दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशिनवर चालवला गेला.

दोन्हीकडे तो चालला.

यानंतर नवीच डोकेदुखी सुरू झाली. प्रत्येक कंपनी कोबॉलमध्ये आपली थोडी थोडी भर घालू लागली. नावाला भाषा एक, बोली अनेक. नेव्हीच्याच एका मशिनवरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडकायला लागला. १९६६ अखेर साठाव्या वर्षी निवृत्त केलेल्या ग्रेस यांना नेव्हीने ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. त्या सहा महिन्यांची जवळपास १९ वर्षं झाली.

त्यांच्या टीमने कंपायलर तपासणारे प्रोग्रॅम तयार केले. कंपनी म्हणते आमचा कंपायलर नियमाप्रमाणे आहे? मग चालवा ही चाचणी आणि सिद्ध करा. आज कुठलंही शास्त्रीय सॉफ्टवेअर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बांधलं की आधी चाचण्या चालवतात आणि मगच त्याच्या उत्तरावर भरवसा ठेवतात. त्यामागचं शहाणपण हेच.

१४ ऑगस्ट १९८६ ला रिअर अ‍ॅडमिरल ग्रेस हॉपर ७९ व्या वर्षी निवृत्त झाल्या. व्याख्यानांत त्या साधारण ३० सेंटिमीटरच्या तारेचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त तेवढाच जातो, हे हातात धरून बघा म्हणून. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या.

त्यांनी धरलेली वाट पुण्यापर्यंत येते. पुण्याच्या आयआयटीएमने मान्सूनच्या अंदाजासाठी अमेरिकेत लिहिलेलं सीएफएस हे हवामान मॉडेल घेतलं आणि आपल्या गरजेप्रमाणे सुधारलं. संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष आणि २०२४ मध्ये अर्का हे सुपरकॉम्प्युटर आले. मशिन बदललं म्हणून मॉडेल पहिल्या ओळीपासून लिहायची वेळ येत नाही. आहे तोच कोड नव्या मशिनसाठी कंपाइल करता येतो.

आणि एनव्हिडियाने सुपरकॉम्प्युटरसाठी काढलेल्या एका चिपचं नाव आहे ग्रेस हॉपर. यातला ग्रेस हा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे. त्यामुळे नेहमीच्या इंटेल-एएमडी मशिनसाठी बांधलेलं सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाही. एक तर त्याच मशिनवर नव्याने कंपाइल करायचं, नाहीतर आपल्या मशिनवर बसून त्या चिपसाठी बांधायचं. या दुसऱ्या प्रकाराला क्रॉस-कंपाइल म्हणतात.

म्हणजे ग्रेस हॉपरवर काम करायचं असेल, तर आजही कंपायलरशिवाय पर्याय नाही.