लस फुकट, मग खर्च कोणाचा?

रुग्णालयात दाखल झालो तर आरोग्यविमा बिल भरतो, पण लशीचे पैसे बहुतेकदा आपल्याच खिशातून जातात. पैशाचा हा तिढा लशीइतकाच जुना. लशीचा जनक एडवर्ड जेन्नर त्यात चांगलाच सापडला होता.

जेन्नर १७४९ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कली गावी जन्मला आणि तिथेच डॉक्टरकी करू लागला. त्या काळी देवी टाळण्यासाठी देवीच्याच फोडातला पू निरोगी माणसाला टोचत. या कामावर सटन घराण्याने भरपूर पैसा कमावला. १४ मे १७९६ रोजी जेन्नरने आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला गाईच्या देवीचा पू टोचला. पुढे खरी देवी टोचूनही पोराला काही झाले नाही. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही.)

ही कृती गुपित ठेवली असती तर तो गडगंज झाला असता. त्याने ती १७९८ मध्ये छापून टाकली. बागेतल्या झोपडीत तो गरिबांना फुकट लस टोचत असे. नंतर लंडनच्या श्रीमंत वस्तीत त्याने बस्तान मांडले, पण तोवर लस कोणीही टोचू लागले होते. रोगी थोडे, खर्च मोठा. शेवटी तो गावी परतला.

संसदेने १८०२ मध्ये १०,००० पौंड मंजूर केले. ते हाती यायला वेळ लागला आणि शुल्कापोटी कपातही झाली. विम्याचा दावा केलेल्यांना हे ओळखीचे वाटेल! १८०७ मध्ये आणखी २०,००० पौंड मंजूर झाले. जून १८०२ मध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली गेली. पुढे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून त्याच्यासाठी सात हजार पौंडांहून अधिक वर्गणी गेली.

२६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर वारला. टोचणाऱ्याच्या मोबदल्याची कायम सोय मात्र १८४० च्या कायद्याने झाली. लस फुकट आणि डॉक्टरला दर यशस्वी टोचणीमागे पैसे. पण ते पैसे गरिबांच्या मदतखात्यातून येत, त्यामुळे लस घेतली तर आपल्यावर भिकारीपणाचा शिक्का बसेल, अशी धास्ती लोकांना होती. अखेर १८४१ मध्ये नवा कायदा करून, लस घेणे म्हणजे सरकारी मदत घेणे नव्हे, असे स्पष्ट करावे लागले.