माणसे घडविणारा कारखाना

कारखाना उभारण्याचा अंदाज मांडताना जमीन, इमारत, यंत्रसामग्री आणि कच्चा माल यांचे आकडे काटेकोरपणे लिहिले जातात. नवख्या माणसाला कसबी कामगार बनविण्यास लागणारा काळ, त्याच्या हातून वाया जाणारा माल आणि त्याला शिकविताना जुन्या कारागिराचा खर्ची पडणारा वेळ यांना मात्र त्या अंदाजात क्वचितच जागा मिळते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र बहुधा लोखंडी नांगराची कथा म्हणून सांगितले जाते. ते या न लिहिल्या जाणाऱ्या खर्चाचेही चरित्र आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. परंतु डोळ्यांना काही रंगांतील फरक कळत नाही हे लक्षात आल्यावर त्यांना रंगचित्रकला सोडावी लागली. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. म्हणजे कारखानदार होण्यापूर्वी ते शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाची निवड झाली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली आणि ते बेळगावला वडील बंधू रामचंद्रपंत यांच्याकडे आले. तेथे दोघा भावांचा सायकलींचा व्यवसाय होता. गिऱ्हाइकाला सायकल विकायची आणि ती चालवायलाही शिकवायची, अशी त्यांची रीत होती. नवे यंत्र खपवायचे तर ते वापरणारा माणूसही तयार करावा लागतो, हा धडा त्या दुकानातच मिळाला असावा.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर दीर्घकाळ पडून राहिले. व्यवसाय जरा स्थिरावतो न स्थिरावतो तोच नगरपालिकेच्या आदेशामुळे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली. मार्च १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या आणि सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे येऊन उतरली. तीच किर्लोस्करवाडी.

कसबी कामगार दुसऱ्या कारखान्यातून ओढून आणण्याची सोय या माळावर नव्हती. आसपास होती ती शेतीवर जगणारी खेडी. लोखंड तापविणे, ओतणे आणि कातणे या कामांशी त्या खेड्यांचा संबंध गावच्या लोहाराच्या भात्यापलीकडे गेलेला नव्हता. ओतशाळेतील काम पुस्तकावरून येत नाही. साच्याची वाळू किती ओलसर असावी, हे ती मुठीत दाबून पाहिल्याखेरीज कळत नाही. ओलावा जास्त झाला तर वाफेने ओतीव पोकळ निघते, आणि कमी पडला तर साचा ढासळतो. भट्टीतील रस ओतण्याजोगा झाला की नाही, हे ओळखणारी नजर कमवायला कित्येक महिने जावे लागतात. तोवर बिघडलेले ओतीव पुन्हा भट्टीत जाते आणि त्यासाठी जळलेले इंधन मालकाच्या खाती नुकसान म्हणून पडते.

लक्ष्मणरावांनी हे नुकसान भांडवल म्हणून पत्करले. माणूस निवडताना त्यांनी प्रमाणपत्राला फारसे महत्त्व दिले नाही. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या हाताखाली कल्पक यंत्रज्ञ झाले. परीक्षेत नापास होऊन घरच्यांनी आशा सोडलेले के. के. कुलकर्णी विक्रीचे आणि बाहेरच्या कामकाजाचे भरवशाचे सूत्रधार बनले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी वसाहतीचा पहारा सोपविला आणि त्या विश्वासाला तडा गेला नाही.

येथे अर्थशास्त्रातील एक जुना पेच उभा राहतो. कामगाराला शिकविण्याचा खर्च एका मालकाने करायचा आणि तयार झालेला माणूस चार पैसे जास्त देऊन दुसऱ्याने न्यायचा, अशी भीती असल्यामुळे प्रत्येक मालक दुसऱ्याने शिकविण्याची वाट पाहतो. परिणामी कोणीच शिकवीत नाही आणि कुशल कामगारांच्या टंचाईबद्दल सर्वजण तक्रार करतात. वाडीने या पेचाला दिलेले उत्तर म्हणजे घरे, पाणी, शाळा आणि शेजार. शिकलेल्या माणसाला तेथेच राहावेसे वाटेल, अशी वस्ती उभी राहिली. या उत्तराला मर्यादाही होती. नोकरी देणाराच घर देणारा असला की कामगाराच्या स्वातंत्र्याला आपोआप कुंपण पडते, हे विसरता येणार नाही. तरीही १९४१ मध्ये हरिहरला आणि १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्करांचे जे नवे कारखाने निघाले, त्यांची मुळे याच माळावर रुजलेली होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६१ मध्ये, शिकाऊ उमेदवारांसाठी देशात कायदा झाला. मालकाच्या मर्जीवर असलेली गोष्ट त्यामुळे कर्तव्य ठरली. आज कायदा आहे, विद्यावेतन आहे, प्रशिक्षण संस्थाही आहेत. तथापि उमेदवाराच्या हाती पहिल्या दिवसापासून केवळ माल उचलण्याचे काम द्यायचे, त्याला शिकाऊ म्हणून कमी मोबदला द्यायचा आणि मुदत संपताच त्याच्या जागी दुसरा घ्यायचा, असा व्यवहार जेथे चालतो तेथे कायद्याचे फक्त अक्षर पाळले जाते. तो तरुण वर्षभर राबतो आणि ज्या कौशल्यासाठी आला होता त्यावाचूनच परत जातो.

अशा कारखान्याच्या ताळेबंदात त्या वर्षी बचत दिसेल. लक्ष्मणरावांनी पहिल्या वर्षांत असाच हिशेब केला असता, तर निवडुंगाच्या माळावर निवडुंगच राहिला असता.