पत्त्याला आकडे देणारा कवी

पिनकोड चुकलेलं मुलाखतीचं पत्र ढोकीला तारीख उलटल्यावर आलं, तेव्हा मला श्रीराम भिकाजी वेलणकरांचं (१९१५-१९९९) मोल कळलं. कोकणातला हा माणूस. नोकरी टपाल खात्यात, जीव संस्कृतात. एका नावाची गावं अनेक, लिप्याही अनेक, पत्रं भरकटत. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांचे सहा आकडे आले. आमच्या ४१३ मधला ४ विभागाचा, तिन्ही मिळून वर्गीकरण जिल्हा, पुढचे तीन टपाल कचेरीचे.

इंटरनेटच्या नावांना १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी अशीच उतरंड दिली. मात्र तिथं शोध उजवीकडून: आधी ‘इन’, मग संस्था, प्रत्येक पायरीवरचा संगणक पुढचं दार दाखवतो. वेलणकरांना यात नवल वाटलं नसतं. त्यांचं ‘विलोमकाव्य’ सरळ वाचलं तर राम, उलट वाचलं तर कृष्ण!