विरजणाचा शत्रू शोधणारा डेरेल

लातूर-नांदेडच्या वाचकाला मळी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. साखर काढून उरलेला हा काळा, दाट पाक आंबवायचा आणि त्यातून अल्कोहोल काढायचे, हे काम आपल्याकडच्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या करतात. अशाच धंद्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या एका माणसाने पुढे जिवाणूंनाही रोग होतो हे जगाला दाखवले. त्याचे नाव फेलिक्स डेरेल.

आपला जन्म कॅनडात मॉन्ट्रियलला झाला, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. प्रत्यक्षात तो 1873 साली पॅरिसमध्ये जन्मला होता. विज्ञानाची पदवी त्याच्याकडे नव्हती. सूक्ष्मजीवशास्त्र तो पुस्तके वाचून आणि घरच्या प्रयोगशाळेत खटपट करून शिकला. कॅनडात मेपलच्या पाकापासून मद्य करण्याचे काम त्याला मिळाले. तिथून तो ग्वाटेमालाला गेला. तिथे इस्पितळात जिवाणूतज्ज्ञ म्हणून नोकरी करता करता केळ्यांची दारू काढण्याचे प्रयोगही केले. नंतर मेक्सिकोत त्याने घायपातीच्या कुळातल्या झाडाचा दोर काढून उरलेला चोथा आंबवायला घेतला. टाकाऊ मालातून पैसा उभा करायची ही विद्या आपल्या भागाला नवी नाही!

मेक्सिकोतच त्याच्यासमोर टोळधाड आली. मेलेल्या टोळांच्या आतड्यातले जिवाणू त्याने वाढवले. ते पिकांवर फवारून टोळांमध्ये रोग पसरवायचा, अशी त्याची कल्पना होती. या जिवाणूंच्या थरावर अधूनमधून गोल, स्वच्छ डाग दिसत. तिथे एकही जिवाणू उरलेला नसे. दुसऱ्या कोणी ती बशी खराब झाली म्हणून फेकून दिली असती. डेरेलने ते डाग लक्षात ठेवले.

त्यांचा उलगडा महायुद्धात झाला. पॅरिसजवळच्या घोडदळाच्या तुकडीत हगवणीची साथ आली होती आणि तो पाश्चर संस्थेत काम करीत होता. रुग्णांची विष्ठा त्याने इतक्या बारीक गाळणीतून गाळली की जिवाणू मागेच राहावेत. ते गाळलेले पाणी हगवणीच्या जिवाणूंच्या गढूळ द्रवात टाकले, तर काही तासांत द्रव निवळला. जिवाणू फुटून नाहीसे झाले होते. 3 सप्टेंबर 1917 रोजी हा शोध फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आला. या अदृश्य मारेकऱ्याला त्याने बॅक्टेरिओफाज, म्हणजे जिवाणूभक्षक, असे नाव दिले. दोन वर्षे आधी इंग्रज संशोधक ट्वोर्टलाही असेच काही दिसले होते, त्यामुळे श्रेयाचा वाद बरीच वर्षे चालला.

डेरेलला फाजमध्ये औषध दिसले. 1919 मध्ये हगवणीच्या एका मुलाला ते देण्याआधी त्याने स्वतः पिऊन पाहिले. भारतातही तो आला. मुंबईच्या हाफकिन संस्थेत प्लेगवर आणि 1927 मध्ये पंजाबात पटकीवर त्याने काम केले. गावच्या आडात फाज सोडून साथ आटोक्यात येते का, हे तपासले. निकाल आशादायक होते, पण आजच्या कसोटीवर ते पुरेसे ठरत नाहीत. साथी आपोआपही ओसरतात.

इकडे तो रुग्ण बरे करण्याच्या मागे असताना त्याने शोधलेले हेच प्राणी कारखान्यांत धुमाकूळ घालत होते. अमेरिकेत टेरे हॉट इथे मक्यापासून ॲसिटोन आणि ब्युटेनॉल तयार होई, जिवाणूंच्याच मदतीने. 1923 च्या सुमारास तिथले आंबवण मंदावले आणि उत्पादन निम्म्यावर आले. फाजनेच ते जिवाणू गाठले होते. 1935 मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी चीजच्या विरजणाला मारणारा फाज शोधला. पुढे स्ट्रेप्टोमायसिनच्या टाक्यांनाही तो भोवला.

घरचे दही सहसा का बिघडत नाही? आपल्या विरजणात जिवाणूंच्या कितीतरी जाती एकत्र नांदतात. एक मेली तर दुसरी काम उरकते. कारखान्यात हजारो लिटर दुधाला मोजक्या, निवडलेल्या जाती लावतात. एका जिवाणूतून तासाभरात डझनावारी नवे फाज बाहेर पडतात आणि दूध गोडेच राहते. पाश्चरीकरणाच्या उष्णतेत यातले बरेच फाज मरत नाहीत. म्हणून तंत्रज्ञ विरजणाच्या जाती आलटूनपालटून वापरतात, कारण एका जातीचा फाज बहुधा दुसरीला शिवत नाही. निवळीचे तुषार विरजणाच्या खोलीकडे जाऊ देत नाहीत, हवा गाळून घेतात, टाक्या क्लोरीनने धुतात. मळीच्या टाकीत मात्र गोष्ट उलटी आहे. तिथे अल्कोहोल करणारे यीस्ट फाजला दाद देत नाही. आगंतुक, आम्ल करणारे जिवाणू यीस्टच्या वाटची साखर खातात. त्यांना मारायला फाज वापरावेत, असे प्रयोग झाले आहेत.

डेरेल काही वर्षे अमेरिकेत येल विद्यापीठात प्राध्यापक होता. मग तिबिलिसीला मित्र एलियावाच्या संस्थेत काम करायला गेला. 1937 मध्ये स्टालिनच्या राजवटीने एलियावाला ठार केले आणि डेरेल पुन्हा तिकडे गेला नाही. नोबेलसाठी त्याचे नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले कधीच नाही. पेनिसिलिन आल्यावर पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी फाजकडे पाठ फिरवली. 22 फेब्रुवारी 1949 रोजी पॅरिसमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने तो गेला. तिबिलिसीची ती संस्था आजही फाजचे औषध करते.