गोदूताई परुळेकर आणि खावटीची भूक

दिवाळी सरली की बोईसरच्या नाक्यावर नाहीतर पालघरच्या एस.टी. स्टँडवर सकाळी जरा थांबून बघा. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबं उतरताना दिसतील. डोक्यावर बोचकं, हातात टोप, कडेवर मूल. कुणी तारापूरकडे बांधकामावर, कुणी वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर निघालेलं असतं. घरात आलेलं भात वर्षभर पुरत नाही, म्हणून ही माणसं गाव सोडतात. त्यातल्या कित्येकांनी भट्टीची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. का, तर तेव्हा घरात दाणा नव्हता.

या उचलीची आजी आपल्याच जिल्ह्यात होती. तिचं नाव खावटी. खावटीचा हिशेब ज्या बाईंनी मांडला आणि मोडायला घेतला, त्या गोदावरी परुळेकरांची ही गोष्ट आहे. जुन्या माणसांच्या त्या गोदूताई.

त्यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ चा, पुण्यातल्या गोखल्यांच्या घरचा. वडील लक्ष्मणराव नावाजलेले वकील. घरात कशाची ददात नव्हती. मुलगी फर्ग्युसनमध्ये शिकली, वकिलीची परीक्षा पास झाली. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणारी ती पहिली बाई. पण काळा कोट घालून कोर्टात उभं राहण्याऐवजी ती स्वातंत्र्याच्या चळवळीत गेली आणि तुरुंगात जाऊन आली. घरात ते रुचलं नाही. मग मुंबई गाठली. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने आजीव सदस्य म्हणून घेतलेली ती पहिली स्त्री. मुंबईत साक्षरतेचे वर्ग चालवले, घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना बांधली. १९३९ साली शामराव परुळेकरांशी लग्न केले आणि दोघे कम्युनिस्ट पक्षात गेले. महायुद्धाला विरोध केला म्हणून १९४० ते ४२ पुन्हा तुरुंग. बाहेर आल्यावर किसान सभेचे काम हाती घेतले.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि त्याच्यासोबत काही वारली आले. गोदूताईंचे पाय आपल्या भागाकडे वळले ते या भेटीमुळे. त्या वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, त्यांच्याबरोबर पेज प्यायल्या, डोंगर तुडवले. आणि मग त्यांना खावटी काय ते कळले.

तुमच्यापैकी ज्यांचे आजी-आजोबा त्या वेळी रानात होते, त्यांनी हे ऐकले असेल. जमीन जमीनदाराची, सावकाराची. पीक निघाले की खंड आणि जुने कर्ज खळ्यावरच वळते व्हायचे. उरलेला दाणा होळीपर्यंत कसाबसा. पुढे मोहाची फुले, रानभाजी. आषाढ लागला की तेही नाही. मग कडू कंद उकरायचे. ते चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे पोटात घालायच्या लायकीचे होत. नेमका हाच लावणीचा महिना. अंगात ताकद सगळ्यांत जास्त लागते तेव्हाच पोट सगळ्यांत रिकामे. अशा वेळी जमीनदार भात उसने द्यायचा. ही खावटी. सुगीला ती दिडीने, दुपटीने फेडायची. फिटली नाही तर वेठ.

आणि वेठीने काय होई? जमीनदाराची लावणी आधी, आपली मागाहून. स्वतःच्या तुकड्यावर रोप उशिरा लागले की पीक कमी. पीक कमी म्हणजे पुढच्या साली खावटी जास्त. भुकेने कर्ज, कर्जाने वेठ, वेठीने पुन्हा भूक, असा घाण्याचा बैल. लग्नासाठी कर्ज काढले असेल तर नवराबायको दोघेही लग्नगडी म्हणून धन्याच्या घरी राबायची, वर्षानुवर्षे.

१९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसे मेली, देशभर बोभाटा झाला. आपल्याकडची भूक दरसालची होती, म्हणून तिची बातमी होत नव्हती. पण दरसालची भूक माणसाला आतून बदलते. मार खाऊन गप्प बसायला शिकवते. बोललो तर उद्याचं भात मिळणार नाही, हे आईच्या मांडीवरच्या पोरालाही समजते. गोदूताई शहाण्या अशा की त्यांनी दाणे वाटायला सुरुवात केली नाही. वाटलेला दाणा चार दिवसांत संपतो. त्यांनी वेठीवर बोट ठेवले.

२३ मे १९४५ ला झरी गावी परिषद झाली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. पाचेक हजार वारली चालत आले होते. वेठ करायची नाही, दाम घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, असे ठरले. त्यानंतर गावोगावचे जथे वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना सोडवून आणले. पिढ्यान् पिढ्यांची वेठ काही आठवड्यांत मोडली.

मग मजुरीचा प्रश्न आला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत आपल्या भागातून जायचे. ते कापायला पाचशे रतलांना अडीच रुपये द्या, अशी मागणी होती. ज्याच्या घरात चार दिवसांचे धान्य नाही त्याने संप करायचा म्हणजे काय, याचा विचार करून बघा. तरी त्यांनी केला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. गोदूताईंच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठली होती, म्हणून लोक धावून आले होते. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. तरीही माणसं मागे हटली नाहीत. पुढच्या वर्षी जंगलकामाला रोजचा सव्वा रुपया मागून पुन्हा संप झाला. ७ जानेवारी १९४७ ला आपल्या पालघर तालुक्यातल्या नानिवलीला गोळीबार झाला, त्यातही पाच आदिवासी गेले. नानिवली बोईसरहून लांब नाही. कधी त्या बाजूला गेलात तर आठवण ठेवा.

गोदूताईंवर जिल्हाबंदी आली, भूमिगत राहावे लागले, स्वराज्यातही तुरुंग सुटला नाही. १९६५ साली शामराव तुरुंगातच वारले. या लढ्याचे त्यांनी लिहिलेले ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली आले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ ला त्या गेल्या. तलासरीच्या महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

त्यांचे राजकारण सगळ्यांना पटावे असे नाही. पण हिशेब त्यांनी बरोबर मांडला होता. १९७६ साली वेठबिगारीवर कायद्याने बंदी आली. २०१३ चा अन्नसुरक्षेचा कायदा झाला, रेशनवर धान्य येते. खावटी हा शब्द सरकारने स्वतःच्या योजनेला घेतला. २०२० साली आदिवासी कुटुंबांसाठी चार हजारांचे खावटी अनुदान जाहीर झाले, निम्मे रोख, निम्मे किराण्यात. हे सगळे हवेच. तरी १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत मुले दगावली, आणि त्यानंतरही मोखाडा-जव्हारचे नाव कुपोषणासाठी येतच राहिले. पोटुशी बाई डोक्यावर विटा वाहते, मूल कमी वजनाचे जन्मते, भट्टीवर त्याला अंगणवाडी सापडत नाही. पोराची शाळाही तिथेच सुटते. पुढे तेच पोर मोठे होऊन उचल घ्यायला येते.

तेव्हा तुमच्या गावात, तुमच्या कामावर कुणी उचलीने आले असेल तर एवढंच विचारा : उचल किती, मजुरी किती, फिटायची कधी? उत्तर नीट मिळत नसेल तर समजा, नाव बदललं तरी खावटी अजून गेलेली नाही.